नाळेचा डोंगर

खिंडीतल्या दगडांच्या राशीपाशी आल्यावर गुवलने वाकून एक दगड उचलला आणि राशीवर ठेवला. वाटसरूने तो ठेवायचाच असतो. खिंडीतल्या देवाला तेवढं कळवायचं, की आम्ही इकडून चाललोय, लक्ष असू द्या. बाईसाहेबांनी मात्र दोन ठेवले. एक मुठीएवढा आणि त्याला लागून एक सुपारीएवढा.

गुवलने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"दमलीस का?" बाईसाहेबांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय दमायला."

"तुला नाही गं विचारलं."

वारा खिंडीतून सरळ अंगावर येत होता. बाईसाहेब दगडाला टेकून बसल्या, डाव्या बरगडीखाली हात दाबून धरला, आणि दुसऱ्या हाताने शेजारची जागा झाडून मोकळी केली. पाइनच्या वाळक्या काड्या बाजूला सारल्या, एक टोकदार खडा वेचून लांब फेकला. मग त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून बसून राहिल्या. पाठीवरचं लहान गाठोडं त्यांनी उतरवलं नव्हतं. बाकी सगळं ओझं गुवलकडे होतं, पण त्या गाठोड्याला त्या हात लावू देत नसत.

राजधानी सोडल्यापासून असंच चाललं होतं. बाईसाहेब लांब पाऊल टाकतच नसत. चढ आला की जरा थांबायचं, मागे वळून पाहायचं, मग पुढे. ओढा ओलांडताना एका दगडावर उभं राहून दुसऱ्यावर जायच्या आधी हात मागे धरायचा. पहिल्यांदा गुवलला वाटलं, दुखण्यामुळे असेल. बरगडीखाली जी गाठ होती ती आता बोटांना लागत होती. वैद्याने सुया टोचल्या, काढे दिले, शेवटी म्हणाला, थंडी निघेलसं वाटत नाही. पण दुखणारं माणूस स्वतःसाठी थांबतं. बाईसाहेब दुसऱ्या कुणासाठी थांबत होत्या.

आणि गुवलला ते कोण ते ठाऊक होतं.

बाईसाहेब म्हणजे काही राणी नव्हेत. मागच्या महाराजांच्या ज्या उपस्त्रिया होत्या, त्यांच्यातली ही एक, तीही खालच्या पायरीची. सुग्वोन ही त्यांची पदवी. माहेरचं नाव यनसिल. ते नाव राजवाड्यात कुणी घेतलं नाही, आणि बाहेर घेणारं कुणी उरलं नव्हतं. बाप गावात चटया विणायचा. दुष्काळाच्या साली कुणीतरी ओळखीची बाई आली, पोरगी हुशार दिसते, राजवाड्यात घेतात म्हणाली. तिथे दाईने पोरगी कुमारी आहे का ते पाहायला पोपटाच्या रक्ताचा थेंब मनगटावर टाकला. थेंब ओघळला तर पोरगी माघारी, ठरला तर आत. यनसिलच्या मनगटावर तो ठरला. बाईसाहेब कधीकधी हसून म्हणायच्या, "त्या दिवशी मी हात जरा वाकडा धरला असता, तर आज चटया विणत असते."

त्यांना शिवणखान्यात टाकलं. महाराजांचे पायमोजे शिवायचे. पांढऱ्या कापसाचे, आत रुई भरलेले, टाच अशी घट्ट की एक सुरकुती दिसायला नको. पुढे किती वर्षं त्यांनी महाराजांचे पाय पाहिले, तेही मोज्यांच्या मापातच. चेहरा पाहिला तो अचानक. एकदा महाराजांच्या मोज्यात एक टाका पायाला टोचला. कुणी शिवला म्हणून विचारणा झाली. शिवणखान्यातली मुख्य बाई तर पुढे व्हायला तयार होईना. यनसिल समोर जाऊन वाकली आणि म्हणाली, मी शिवला. महाराज तिच्याकडे पाहत राहिले. पुढे काय झालं ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी यनसिल खोलीतून बाहेर आली ती घागरा उलटा नेसून, आतली शिवण बाहेर. रीतच तशी. तोंडाने काही बोलावं लागत नाही, उलटा घागरा पाहिला की सगळ्या जणी समजतात. कालपर्यंत जिला बुक्की मारून उठवायच्या, तिला वाकून नमस्कार करू लागल्या. त्यांच्यातली एक वाकता वाकता हळूच म्हणाली होती, "टाका टोचला तो मुद्दाम, की चुकून?"

बाईसाहेबांना ते आयुष्यभर लागलं. खरं तर चुकूनच टोचला होता.

गुवल तेव्हा विहिरीवरून पाणी वाहणारी पोरगी होती. नव्या बाईसाहेबांच्या दाराशी तिची नेमणूक झाली, आणि ती तिथेच राहिली.

मुलगी झाली. राजवाड्यात ती ताईसाहेब. आई म्हणायचं ते महाराणींना. जिने जन्म दिला तिने मुलीसमोर वाकायचं, तिला अहो-जाहो करायचं. "ताईसाहेब, आपण दोन घास घ्यावेत." असं. मुलगी दोन वर्षांची, तोंडाला भात लागलेला, आणि आई समोर हात जोडून. गुवलला सुरुवातीला हसू यायचं, मग यायचं बंद झालं. पण रात्री दिवा मालवला, दाई पेंगायला लागली, की बाईसाहेब मुलीच्या कानाशी तोंड नेऊन एक नाव कुजबुजायच्या. बोरी. त्यांच्या गावात सातूला बोरी म्हणतात. उन्हाळ्याआधी धान्य संपतं तेव्हा सगळं गाव त्याच्यावर जगतं. एवढंच. हाक मारायची नाही, नुसतं कुजबुजायचं.

तिच्या जन्मानंतर वार-नाळ धुतली गेली, पुन्हा पुन्हा, वाहत्या पाण्यात. पांढऱ्या चिनीमातीच्या बरणीत ठेवली, ती बरणी दुसऱ्या मोठ्या बरणीत. पंचांग पाहून दक्षिणेतला एक गोल डोंगर निवडला, आणि मिरवणुकीने ती बरणी तिथे नेऊन माथ्यावर पुरली, वर दगड बसवला. राजघराण्यातल्या बाळांचं असंच करतात. बाईसाहेब बाळंतिणीच्या खोलीत होत्या. खिडकीच्या फटीतून त्यांना पालखीचा कळस तेवढा दिसला. "माझ्या अंगातलं निघालेलं," त्या गुवलला म्हणाल्या, "माझ्याआधी देश बघायला निघालं."

हा तो डोंगर. तिकडेच आता चालल्या होत्या.

खिंडीच्या खाली धर्मशाळेवजा खाणावळ होती. मालकीण धिप्पाड, बाह्या वर केलेल्या, तोंड सतत चालू. त्यांचे पांढरे कपडे पाहून म्हणाली, "दोघी विधवा का? एकाच्याच की वेगवेगळ्यांच्या?"

"एकाच्याच," बाईसाहेब म्हणाल्या.

गुवलला ठसका लागला. मालकिणीने तिच्या पाठीत थापटी मारली आणि आंबवलेल्या मुळ्याचं पाणी पुढे केलं. "पी. सवत असून एकत्र फिरता, चांगलं आहे हो. आमच्याकडे सवतीने सवतीच्या केसांचा पुंजका हातात घेतल्याशिवाय दिवस मावळत नाही. कुठल्या तुम्ही?"

"राजधानीच्या."

"अगं बाई. मग राजवाडा पाहिला असेल बाहेरून." मालकीण जवाच्या भाताची वाडगी आणि सोयाबीनचं गरम कढण ठेवत समोरच बसली. "तिथल्या बायकांची मजा आहे म्हणतात. राजाच्या नजरेत भरली की झालं. नुसतं बसायचं, रेशीम नेसायचं, मध चाटायचा. माझी मावशी म्हणायची, माझा बाप जरा डोक्याचा असता तर मीही आज तिथे असते. मी म्हटलं, मावशी, तुझं नाक बघितलंयस का?"

"खरंच मजा असते," बाईसाहेब म्हणाल्या. "मध चाटून चाटून कंटाळा येतो, असं ऐकलंय."

"ऐकलंय म्हणजे काय, तसंच असणार. अहो, भात घ्या की. तुम्ही काय चिमणीसारखं टिपताय."

बाईसाहेबांनी कढणातला टोफूचा तुकडा चमच्याने काढून वाडग्याच्या कडेला निवायला ठेवला. फुंकर घातली. तो तुकडा शेवटपर्यंत तिथेच राहिला. मालकिणीने वाडगी उचलताना तो पाहिला. तोंड तेवढं क्षणभर बंद झालं.

सकाळी निघताना मात्र ती चिडलेली होती. "रात्री उतरलेल्या त्या मीठवाल्याच्या पोराने डोळ्याला डोळा लागू दिला नाही. पहाटेपासून ओट्यावर इकडून तिकडे, तिकडून इकडे. अनवाणी, धप धप. मी म्हटलं, बाप झोपलाय म्हणून सोडलं, नाहीतर..." आणि ती कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला गेली.

गुवलने रस्त्याकडे पाहिलं. मीठवाला लांब, उताराला लागला होता. पाठीवर मिठाची गोणी, हातात काठी. एकटाच होता.

तिने बाईसाहेबांना सांगितलं नाही. त्यांना सांगायची गरजच नव्हती. त्यांनी ऐकलंच असणार.

बोरी चार वर्षांची असताना तिच्या अंगावर फोड उठले. अशा वेळी घरात पाहुणी आली म्हणतात, नाव घेत नाहीत. ताईसाहेबांना राजवाड्यातून बाहेर, नदीकाठच्या एका साध्या घरात हलवलं. बाईसाहेबांना सोबत जायची परवानगी मिळाली, कारण महाराणींना आजार व्हायला नको होता. त्या घरात पहिल्यांदाच आई आणि मुलगी एका छपराखाली, मध्ये कुणी नसताना राहिल्या. फोडांच्या दिवसांत घरात सुई धरायची नाही, खिळा ठोकायचा नाही, पाहुणीला मोठ्याने बोलायचं नाही. बाईसाहेबांनी सगळं पाळलं. हात रिकामे राहिल्याने त्या नुसत्या मुलीचे तळवे चोळत बसायच्या. तरी पाहुणी जाताना पोर घेऊन गेली.

पहाट होती. गुवल अंगणात पाणी काढत होती. बाईसाहेब बाहेर आल्या, हातात मुलीचं अंगडं, सात रंगांच्या बाह्यांचं. म्हणाल्या, "शिडी धर."

मोठं माणूस गेलं की छपरावर चढतात, त्याने घातलेला कपडा उत्तरेकडे तोंड करून हलवतात आणि त्याला नावाने परत ये म्हणून हाक मारतात. तीनदा. आला तर आला. नाही तर कपडा प्रेतावर घालायचा आणि मग रडायचं. पण हे मोठ्यांसाठी. एवढ्या लहान मुलांना हाक मारत नाहीत. त्यांचा जीव अजून नीट बसलेला नसतो, त्याला वाट माहीत नसते, बोलावलं तर तो येतो पण शरीरात कसं शिरायचं ते त्याला समजत नाही. मग तो बाहेरच राहतो. हे गुवलला माहीत होतं, विहिरीवरच्या कुठल्याही पोरीला माहीत असतं. बाईसाहेबांनाही माहीत होतं.

गुवलने शिडी धरली. स्वयंपाकघराच्या गवताच्या छपरावर त्या उभ्या राहिल्या, पायमोज्यांवर, आणि अंगडं हलवलं.

"बोरी, ये गं."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मुलीला मोठ्याने हाक मारली, आणि तीनदा मारली. गुवलला अजून तो आवाज आठवतो. त्यात रडणं नव्हतं. घरी उशिरा आलेल्या पोराला दारातून बोलवावं, तसा तो होता.

आणि ती आली. बाईसाहेब असंच सांगत. शिडीवरून उतरताना मागून कुणीतरी घागरा धरला, म्हणाल्या. तेव्हापासून तो सुटला नाही.

अंगडं त्यांनी प्रेतावर घातलं नाही. घडी करून स्वतःच्या छातीशी ठेवलं. मुलीला राजघराण्याच्या रीतीप्रमाणे थडगं मिळालं, शहराबाहेर, छोटंसं, गवत लावलेलं. बाईसाहेब वर्षातून एकदा तिथे जात, सातूच्या पिठाच्या पोळ्या ठेवत, आणि परत येताना रस्त्यावर त्यांचं पाऊल आखूड व्हायचं. ती तिथे राहत नव्हती. परत सोबत यायची.

महाराजांनी पुन्हा कधी बोलावलं नाही. एक दिवस त्यांचंही निधन झालं, तेव्हा महाराजांच्या छपरावरून हाक घातली गेली, सोन्याच्या काठाचा अंगरखा हलवून. ते आले नाहीत. ज्यांना मूलबाळ नाही अशा उपस्त्रियांना राजवाड्याच्या भिंतीबाहेरच्या एका घरात पाठवलं. तिथे केस कापायचे, पांढरं नेसायचं, जप करायचा, मरायची वाट पाहायची. गुवल मागोमाग गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं आणि राहा असंही म्हटलं नव्हतं. एकदा बाईसाहेब म्हणाल्या, "तू लग्न कर, जा." गुवल म्हणाली, "आता? माझ्या दातांची अवस्था बघता? लग्नातली पहिली रात्र हिरड्यांनी काढू?" मग तो विषय बंद झाला.

गाठ झाली तेव्हा बाईसाहेब घाबरल्या, पण मरणाला नाही.

"मी गेले की ती कुणाच्या मागे फिरणार, गुवल?"

या एका प्रश्नाने त्यांना झोप लागेना. मरणाचा विचार मनात यायच्या आधी तो प्रश्न यायचा. थंडीत, रस्त्यावर, अनवाणी, कुणाचाही घागरा न धरता. शेवटी डोंगरातल्या मठातून एक म्हातारी भिक्षुणी त्या घरात भिक्षेला आली, तिला त्यांनी सगळं सांगितलं. ती बराच वेळ माळ ओढत बसली. म्हणाली, "थडगं तिला तिचं वाटत नाही. तिचं पहिलं अंग जिथे पुरलं तिथे ने. नाळ जिथे पुरलेली असते, तिथे माणसाला परकं वाटत नाही. जे अंगडं हलवून बोलावलंस ते तिथे जाळ. आणि ज्याने ये म्हटलं, त्यानेच जा म्हणावं लागतं. दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही."

"मला म्हणता येईल?"

"ते मी कसं सांगू. भगवंताचं नाव घे आणि नीघ."

तशा त्या निघाल्या होत्या.

डोंगर दिसला तेव्हा दुपार होती. सपाट शेतांच्या मधोमध गोल, वाडगं उपडं घातल्यासारखा, पाइनच्या झाडांनी भरलेला. पायथ्याशी एक झोपडी. त्या डोंगराचा राखणदार तिथे राहायचा. बोकदुल नावाचा म्हातारा. डोंगरावर कुणी लाकूड तोडू नये, गुरं चारू नयेत, प्रेत पुरू नये, एवढं पाहायचं. त्या बदल्यात त्याला लष्करी वेठ माफ. बायको दारात वाळलेल्या मिरच्या निवडत बसली होती. पांढऱ्या कपड्यांतली, केस कापलेली बाई आणि तिच्यामागे दासी पाहताच म्हाताऱ्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"राजधानीहून?" तो म्हणाला.

"हो," गुवल म्हणाली. "ताईसाहेबांच्या दगडावर पूजा करायचीय."

"रस्ता... रस्ता खराब आहे. पाऊस झालाय. मी दगड साफ करून येतो आधी. तुम्ही थांबा. आज नका. उद्या."

"आकाश निळंशार आहे," बाईसाहेब म्हणाल्या.

"तो म्हातारा तसाच आहे," बायको मिरच्यांवरून डोळे न उचलता म्हणाली, पण तिचे हातही थांबले होते. "आभाळ न बघता पाऊस सांगतो. अहो, पाणी द्या बायांना."

म्हातारा पाणी आणायच्या ऐवजी फावडं घेऊन डोंगराकडे पळाला. सत्तरीचा माणूस, पण हरणासारखा. गुवलला वाटलं, नक्की लाकूडतोड्यांशी लागेबांधे आहेत. पाइनची खोडं विकली असणार. त्या मागून निघाल्या. चढ उभा होता. बाईसाहेब दर थोड्या अंतराने थांबत होत्या, हात मागे धरत होत्या. गुवलने एकदा, काही विचार न करता, आपलाही हात मागे केला. हाताला गारवा लागला. वारा असेल. तिने हात काढला नाही.

माथ्यावर दगडाचं कासव आणि त्यावर शिळा. शिळेवर ताईसाहेबांच्या जन्माचं वर्ष आणि तिथी. आणि शिळेच्या मागे, अगदी लागून, बोकदुल म्हातारा गुडघ्यांवर बसला होता. फावडं बाजूला पडलं होतं. त्याच्या समोर एक लहान उंचवटा होता, वर्षादीड वर्षाचं गवत त्यावर. एक कोपरा त्याने खणून सपाट केला होता. मग त्याच्याने पुढे खणवलं नसावं. फावडं फेकून तो उंचवट्यावर उपडा पडून रडत होता.

गुवलला उलगडा झाला. असल्या डोंगरांवर नशीब असतं म्हणतात. ज्याचं माणूस तिथे पुरलं जाईल त्याच्या घराण्याला पुढे बरकत, मेलेल्याला चांगला जन्म. म्हणून लोक चोरून पुरतात. पकडलं गेलं तर प्रेत उकरून फेकतात आणि पुरणाऱ्याला फटके, नाहीतर त्याहून वाईट. आणि राखणदारानेच पुरलं तर.

बाईसाहेबांना पाहताच म्हातारा जमिनीवर कपाळ टेकू लागला. "मीच पुरलं. म्हातारीला काही माहीत नाही. मला घेऊन जा. पण त्याला उकरू नका. वरच्यांना सांगू नका. पाया पडतो."

"कोण आहे?"

"नातू. मुलाचा मुलगा. मुलगा आणि सून आधीच गेले, तापात. हाच उरला होता. हिवाळ्यात पाहुणी आली. मी म्हटलं... मी म्हटलं, जन्मभर या दगडाची राखण केली. एवढंसं पोर, दगडाच्या मागे कुणाला दिसणार."

"केवढा होता?"

"पाच वर्षांचा. नुकता पाच."

बाईसाहेब हळूच उंचवट्यापाशी बसल्या. खणलेल्या कोपऱ्यातली माती त्यांनी हाताने परत लोटली, थापटली. वर पाइनच्या काड्या पसरल्या. म्हातारा तोंड उघडं ठेवून पाहत होता.

"नाव काय त्याचं?"

"मांगतेगी. शेंडेफळ म्हणून."

"खेळकर होता?"

"फार. संध्याकाळी ओढून आणावं लागायचं. म्हातारीचा घसा बसायचा हाका मारून."

मग बाईसाहेबांनी गाठोडं पाठीवरून उतरवलं. अंगड्याचे सातही रंग विटले होते, पण पिवळा अजून पिवळाच होता. ते त्यांनी मांडीवर ठेवलं. गुवलने चकमक काढली, वाळकी पानं गोळा केली. जाळ झाला. तरी बाईसाहेबांचे हात हलेनात. एकदा अंगडं जाळापर्यंत नेलं आणि परत घेतलं. पुन्हा नेलं. ओठ हलले, आवाज आला नाही. म्हातारा आणि गुवल दोघंही मान खाली घालून उभी होती. गुवल मनात म्हणत होती, देवा, तेवढं म्हणू दे यांना. मला यांच्याजागी म्हणता आलं असतं तर मी कधीच म्हटलं असतं.

मग बाईसाहेबांनी उंचवट्याकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज अगदी साधा झाला. विहिरीवर, अंगणात, दारात कुठलीही बाई जसं बोलते तसा.

"बोरी, अगं बघ कोण आहे इथे. जा. जा खेळायला."

अंगडं जाळात गेलं. कापड आधी वितळल्यासारखं आकसलं, मग एकदम पेटलं.

"जा, आणि दिवे लागायच्या आत..."

तिथे त्यांनी तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला. दोन्ही हात. पुढचा शब्द आतच राहिला. गुवलने त्यांना मागून धरलं. तरी हात तोंडावरून निघाले नाहीत. जाळ विझला. राख हलली. झाडांमधून काहीतरी धावल्यासारखा वारा गेला, उताराच्या दुसऱ्या बाजूला.

म्हाताऱ्याला गुवलने एवढंच सांगितलं, की आम्ही इथे काही पाहिलं नाही. त्याने वाडगंभर भात आणून शिळेसमोर ठेवला, आणि दोन चमचे.

उतरताना बाईसाहेब पुढे होत्या. त्यांचं पाऊल लांब पडत होतं. एवढी वर्षं गुवलने त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं, घागऱ्याचा घोळ पुढे फेकत, मागे न बघता. बघायला चांगलं होतं आणि भयंकरही होतं. गुवललाच मधूनमधून थांबावंसं वाटत होतं. एका वळणावर ती थांबलीही, मागे वळली. रस्ता रिकामा होता. उन्हात नुसत्या काड्या पडल्या होत्या.

पायथ्याच्या वर बाईसाहेब बसल्या. चेहरा राखेसारखा. हात बरगडीखाली.

"गुवल."

"बोला."

"मी गेले की तू छपरावर चढशील."

"चढणार नाही तर काय. माझ्याशिवाय आहे कोण तुमचं. गुडघे दुखतात, पण शिडी धरायला कुणाला तरी..."

"चढू नकोस."

गुवलला नीट समजलंच नाही. "म्हणजे?"

"मला हाक मारू नकोस."

"अहो, असं कसं? भिकाऱ्यालासुद्धा कुणीतरी हाक मारतं. कुत्र्यामांजराला नाही मारत, तसं तुम्हाला? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आणि मला... मला नाही जमायचं ते. मी खाली बसून काय करू?"

"बस. तेच कर." बाईसाहेबांनी तिचा हात धरला. हात गरम होता आणि हलका. "तू हाक मारलीस की मी येईन गं. एवढी वर्षं तुझ्या हाकेला मी ओ दिली नाही असं झालंय का? पाणी गरम झालं म्हणायचीस, मी उठायचे. तू त्या छपरावरून माझा कपडा हलवलास, की मी अर्ध्या वाटेवरून परत फिरेन, मग ती तिकडे माझी वाट बघेल. मला सरळ जायचंय. त्यामुळे माझं काही हलवू नकोस. दार लाव, खाली बस, आणि एकदा तरी तोंड बंद ठेव. करशील एवढं?"